पाऊण फेरा

आसपासच्या चार गल्ल्यांत त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. खरं नाव ठाऊक होतं ते फक्त त्याच्या बायकोला आणि लायसन्सच्या कागदाला. माणूस गाडीखाली आडवा झाला की बाहेर नुसते पाय दिसायचे आणि आतून टकळी सुरू व्हायची. हा नट कसा रुसून बसलाय, आधीच्या मेकॅनिकने तो हातोडीने कसा वठणीवर आणायचा प्रयत्न केलाय, आणि त्या मेकॅनिकचा सासरा काय लायकीचा माणूस होता. गिऱ्हाईक कंटाळून चहा प्यायला निघून जायचं, तरी खाली याचं चालूच. एकदा अर्धा तास तो एका कुत्र्याला क्लच समजावून सांगत होता, असं बायको शपथेवर सांगायची.

सात महिन्यांपूर्वी सकाळी दाढी करताना तो बाथरूममध्ये कोसळला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, उजव्या बाजूचं दिसणं अर्धवट झालं आणि बोलणं गेलं. मागे एकच शब्द राहिला, तो म्हणजे ‘उद्या’. पाणी हवं असलं तरी उद्या, टीव्ही बंद कर म्हणायचं असलं तरी उद्या, शिवी हासडायची असली तरी उद्या. मनात शब्द अगदी बरोबर उमटायचा, जिभेपर्यंत यायचा आणि बाहेर पडताना उद्या होऊन पडायचा. बोलायला शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, “काही जणांचं असं होतं. एखादाच शब्द मागे राहतो. तोच का राहतो, ते नाही सांगता येत.” बायकोला वाटायचं, पडला त्या क्षणी त्याच्या मनात दुसऱ्या दिवसाचं काहीतरी असणार. तसं काही नव्हतं. पडला तेव्हा ब्लेड बोथट झालंय, एवढंच तो म्हणत होता. पण हे तिला सांगणार कोण?

घर लॉन्ड्रीवर चालायचं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोठी मशीनं होती, ती बायको सांभाळायची. रेडिओने बारा वर्षांपूर्वी गॅरेजचं काम सोडलं आणि जुनी व्हॅन घेऊन तोही त्याच धंद्यात आला. लॉजवरच्या मळक्या चादरी आणायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. व्हॅन घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. पण रेडिओने तिला असं जपलं होतं, की बायको म्हणायची, “मला एवढं जपलं असतंत तर माझे गुडघे अजून नवे असते.” दुसऱ्या कुणाला तो तिच्या इंजिनाला हात लावू द्यायचा नाही.

तो अंथरुणाला खिळल्यावर एक ड्रायव्हर ठेवला. त्याने पाच महिने गाडी हाकली, एकदाही ऑईल बघितलं नाही आणि एका सोमवारी आलाच नाही. तेवढ्यात लॉजवाल्यांनीही एकेक करून दुसरी माणसं बघितली. मग एक्कावन्नाव्या वर्षी बायको गाडी शिकली. तिसऱ्या खेपेला पास झाली. परीक्षा घेणाऱ्याने उतरल्यावर आधी स्वतःचा घाम पुसला आणि मग सही केली, हे ती घरी आल्यावर रेडिओला दोनदा करून दाखवत होती. तो हसला. हसू मात्र पूर्वीसारखंच येत होतं.

आणि मग नर्सिंग होमचं काम मिळालं. साठ खाटा, रोजच्या चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे कोट. मेट्रनबाईंनी बजावलं होतं, “सोमवारी सकाळी सातला गाडी दारात पाहिजे. पेशंट ओल्या गादीवर थांबत नाहीत. एक दिवस जरी चुकलं तरी मी दुसऱ्याला बोलावणार, मग मला बोल लावायचा नाही.”

गाडी चालत होती, पण खालून टकटक करत होती. एवढ्या दिवसांत ऑईल बदललेलं नाही, तेव्हा सोमवारच्या आत ते आणि फिल्टर बदलायलाच हवा, हे बायकोलाही कळत होतं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला रेडिओचा जुना दोस्त. तो तीन आठवडे “बघतो वहिनी, रविवारी नक्की” म्हणत होता. तीन रविवार गेले. चौथ्याची वाट न बघता शनिवारी दुपारी तिने साडीवर रेडिओचा जुना शर्ट चढवला आणि त्याची चाकांची खुर्ची ढकलत शेडच्या दारात आणली.

“बसा इथे,” ती म्हणाली. “मी करते, तुम्ही बघा. अठ्ठावीस वर्षं पाने हातात देतेय तुमच्या, आणि कान किटेपर्यंत ऐकतेय. झोपेतसुद्धा सांगेन.”

‘बसा’ आणि ‘तुम्ही’ ऐकून रेडिओला एकदम बरं वाटलं. लग्न झाल्यापासून ती त्याला अहो-जाहो करत आलेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर एक दिवस भरवता भरवता ती म्हणाली, “आ कर बघू.” तेव्हापासून तो तिचा ‘तू’ झाला. तिच्या ते लक्षातही आलं नसेल. त्याच्या आलं होतं. आज पान्याला हात लागला आणि तो पुन्हा ‘तुम्ही’ झाला.

तिने सगळं रीतसर केलं. पुढची दोन चाकं लाकडी उतारावर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या. ऑईल पातळ व्हावं म्हणून इंजिन आधी पाच मिनिटं चालवलं. खाली गोणपाट टाकून त्यावर निजली. आता तिचे पाय बाहेर होते आणि आतून आवाज येत होता.

“नट सोडताना हात बाजूला ठेवायचा, नाहीतर कोपरापर्यंत भाजतं. हो ना? आला बघा. अगं बाई, हे ऑईल आहे की डांबर?”

काळी धार परातीत पडत राहिली. रेडिओ डावा हात मांडीवर आपटून ‘वा’ म्हणत होता. ‘उद्या’ असंच ऐकू येत होतं, पण सूर वाहवाचा होता आणि तो तिला कळला.

फिल्टरने मात्र इंगा दाखवला. टिनाचा तो डबा जागचा हलेना. हाताने नाही, पट्ट्याच्या पान्याने नाही. पट्टा तीनदा सटकला, तिच्या बोटांची सालं निघाली. अर्धा तास ती कण्हत, चडफडत होती. शेवटी रेडिओ तसल्या वेळी जे करायचा तेच तिने केलं. जुना लांब स्क्रू-ड्रायव्हर हातोडीने डब्यात आरपार घुसवला आणि त्याचीच मूठ करून पिळलं. डबा करकरला, फाटला, आणि एकदाचा फिरला.

“निघाला!” ती ओरडली. तोंडावर काळे ओघळ घेऊन ती सरपटत बाहेर आली आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवावा तसा तिने तो फिल्टर वर धरला. “बघा! केला की नाही?”

फिल्टरचं तोंड रेडिओकडे होतं. तोंडाभोवती गोल खाच असते आणि त्या खाचेत रबराची रिंग बसलेली असते. खाच रिकामी होती.

जुनी रिंग वर इंजिनालाच चिकटून राहिली होती. इतके महिने भाजून तिथे तिचं डांबर झालं असणार. तिच्यावर नवीन फिल्टरची नवीन रिंग चढवली, की वरवर सगळं घट्ट बसतं. पण रबरावर रबर टिकत नाही. गाडी उभी असेपर्यंत ते सांभाळतं. रस्त्यावर दाब वाढला की बाहेर फेकलं जातं आणि पाठोपाठ सगळं ऑईल.

“उद्या!” रेडिओ म्हणाला.

“उद्या नाही, आजच,” ती म्हणाली. “उद्या मला कपड्यांच्या टोपल्या धुवायच्यात.” तिने फिल्टर परातीत टाकला. तो काळ्या ऑईलमध्ये उताणा पडला आणि खाच दिसेनाशी झाली.

“उद्या! उद्या, उद्या!”

“अहो, काय झालं? गोळी राहिली का?” तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. “दुपारचीच घेतलीत की. रात्रीची जेवणानंतर.”

त्याने मान जोरजोरात हलवली. डाव्या हाताच्या बोटाने हवेत गोल काढला. पुन्हा पुन्हा काढला.

“चाक? चाकांत हवा भरलीय. कालच बघितली.” तो काढतच राहिला. “बटण? नाणं? शून्य? माझी अक्कल शून्य म्हणताय का?” आणि स्वतःच हसली. मग जरा घाबरून जवळ आली, त्याच्या पँटला हात लावून बघितलं, ती कोरडी होती. तरी म्हणाली, “चला, जाऊन येऊ एकदा.” तिने खुर्ची ढकलत त्याला आत नेलं, तो मान हलवून नको नको करत असताना बसवलं आणि पुन्हा आणलं. त्यात वीस मिनिटं गेली.

परत येताना तिने आतून तक्ता आणला. बोलायला शिकवणाऱ्या मुलीने तो करून दिला होता. पुठ्ठ्यावर सहा चौकोन, प्रत्येकात एक चित्र. पाणी, जेवण, संडास, थंडी, झोप, दुखतंय. “दाखवा यातलं,” ती म्हणाली.

रेडिओचं बोट सहाही चित्रांवरून दोनदा फिरलं. माणसाला लागणारं सगळं त्या पुठ्ठ्यावर होतं. फिल्टरच्या रिंगवर अडलेल्या माणसासाठी काहीच नव्हतं. शेवटी त्याने ‘दुखतंय’वर बोट ठेवलं.

तिचा चेहरा उतरला. “कुठे? डोकं?”

त्याने बोट उचललं आणि व्हॅनकडे केलं.

ती व्हॅनकडे बघत राहिली. “गाडीला दुखतंय?”

त्याने मान हलवली. हो, हो. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. कळलं, आता कळणार.

“दुखणारच हो,” ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. “पाच महिने त्या मेल्याने बघितलं नाही तिच्याकडे. आता बरी होईल. नवीन ऑईल घालतेय ना.” तिने त्याचे डोळे शर्टाच्या स्वच्छ बाहीने पुसले. इतकं जवळ येऊन ते दोघं कधी नव्हे एवढे लांब राहिले.

मग तिने नवीन फिल्टर घेतला. त्याच्या रिंगवर बोटाने ऑईल फिरवलं आणि मोठ्याने म्हणाली, “हाताने घट्ट, मग पाऊण फेरा. अर्धा दिलास तर गळेल, पूर्ण दिलास तर पुढच्या वेळी रडशील.” शब्दन् शब्द त्याचाच होता. फक्त त्याने कधी एक गोष्ट बोलून दाखवली नव्हती. नवीन फिल्टर लावण्याआधी तो वर इंजिनाच्या तोंडावर बोट फिरवायचा. जुनी रिंग राहिली नाही ना, एवढं बघायला. त्या वेळी टकळी तेवढी थांबायची. खाली निजलेल्या माणसाचं बोट बाहेर पाने घेऊन बसलेल्या बाईला कसं दिसणार?

ती पुन्हा गाडीखाली सरकू लागली तेव्हा रेडिओने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला आणि उठायला गेला. उजवा पाय खाली दुमडला. तो खुर्चीसकट आडवा झाला आणि त्याचं कपाळ ऑईलच्या डब्यावर आदळलं.

तिने त्याला कसंबसं उठवून बसवलं. ती धापा टाकत होती. कपाळावर फार लागलं नव्हतं, नुसतं टेंगूळ आलं होतं. तो काही केल्या तिचा हात सोडेना, फिल्टर धरलेलाच हात. तेव्हा तिचा संयम सुटला.

“काय चाललंय तुमचं? माझ्या हातून होतंय ते बघवत नाही का? सगळं तुम्हीच करायचं, सगळं तुम्हालाच येतं! मग उठा की! उठा आणि करा!”

त्याने हात सोडला.

तिला लगेच वाईट वाटलं, तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पण तो आता खाली बघत होता. तिचे पाय गाडीखाली गेले. आतून आवाज आला, “हाताने घट्ट. आता पाव... अर्धा... पाऊण. आणि हा खालचा नट. झालं.”

नवीन ऑईल मधासारखं पिवळं होतं. तिने ते फनेलमधून ओतलं, पट्टी बुडवून बघितली, पुसून पुन्हा बघितली. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. टकटक जवळजवळ गेली होती. ती खाली वाकून विजेरीने बघत राहिली. एक थेंब पडला नाही. दहा मिनिटांनीसुद्धा नाही.

“कोरडं ठाक!” ती म्हणाली आणि काळ्या हातांनीच टाळ्या वाजवल्या.

रेडिओ ऐकत होता. इंजिनाचा आवाज खरंच चांगला येत होता. त्याला वाटलं, आपलंच चुकलं असेल. आता निम्मं दिसत नाही आपल्याला. उजव्या बाजूला बसलेला माणूस दिसत नाही, ताटातली उजवीकडची भाजी दिसत नाही. खाचेतली रिंग दिसली नसेल. माणूस हरला की स्वतःला काहीही पटवून देतो. मघापासून भांडून तो दमला होता. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद त्याने सात महिन्यांत बघितला नव्हता आणि तो मोडायची ताकदही त्याच्यात उरली नव्हती.

“चला, चक्कर मारून येऊ,” ती म्हणाली. “नर्सिंग होमपर्यंत. सोमवारची रंगीत तालीम.”

सात महिन्यांत तो व्हॅनमध्ये बसला नव्हता. तिने त्याला दुसऱ्या बाजूने, डाव्या सीटवर चढवलं, पाय उचलून आत ठेवला, पट्टा लावला. सीटला त्याच्या जुन्या दिवसांचा वास होता, साबणाचा आणि ग्रीसचा. ती गाडी चांगली चालवत होती. जरा जास्तच पुढे वाकून, पण चांगली. शाळेचं मैदान गेलं, भाजीबाजार गेला, मग मोठ्या रस्त्याचा लांब चढ लागला. तिने गिअर बदलला आणि पाय दाबला. इंजिन गरजू लागलं.

डॅशबोर्ड त्याच्या उजव्या हाताला होता, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूला. म्हणून त्याने पूर्ण मान वळवून तिच्याकडे तोंड केलं होतं. तिला वाटलं आपल्याकडेच बघतोय. ती लाजून हसली. “काय बघताय एवढं?”

चढाच्या मध्यावर ऑईलचा लाल दिवा लागला.

तिने दिव्याच्या काचेवर बोटाने टिचकी मारली. त्या दिव्याची वायर ढिली होती. कधी खड्ड्यात गाडी आपटली की तो उगाच लागायचा आणि मग रेडिओ अशीच टिचकी मारायचा. दिवा विझला नाही. तिने दुसरी टिचकी मारली.

रेडिओच्या आत सगळं एकदम उसळलं. थांब, बंद कर, किल्ली फिरव. बाहेर आलं ते “उद्या, उद्या, उद्या!” किल्लीजवळचा हात त्याचा मेलेला हात होता. तो डावा हात अंगावरून ओढत, पट्ट्यात अडकत, तिच्या बाजूला झेपावला. तोंडातून फेस येत होता, मान ताठ झाली होती. त्याच्या हाताचा फटका तिच्या खांद्याला बसला.

ती किंचाळली. “काय होतंय तुला? अहो! अरे देवा, परत आला का झटका? थांब, थांब, पोचलोच आपण. दवाखाना वरच आहे.”

आणि तिने पाय जमिनीला टेकेपर्यंत दाबला.

दोनेकशे पावलं गेली असतील. टकटक परत आली, तिची खडखड झाली, मग लोखंडात लोखंड अडकावं तसा एक कर्कश आवाज आला आणि गाडी आचका देऊन जागेवर मेली. स्टिअरिंग जड झालं. मागून हॉर्न वाजू लागले. तिने कसाबसा हँडब्रेक ओढला. आरशात बघितलं तर चढावर लांबपर्यंत काळी, ओली रेघ आली होती आणि ती थेट त्यांच्या गाडीखाली संपत होती.

रेडिओ आता शांत बसला होता. तिने त्याचे गाल धरले, डोळ्यांत बघितलं, त्याचा डावा हात दाबून बघितला. त्यानेही दाबला. झटका वगैरे काही नव्हता. तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की आपलं काहीतरी फार मोठं चुकलंय. काय ते कळेना.

तासाभराने गॅरेजवाला ओढायचा दोर घेऊन आला. किल्ली फिरवून बघितली, पुढे जाऊन पान्याने इंजिन फिरवायला बघितलं. तसूभर हललं नाही. मग तो खाली गेला आणि लवकरच बाहेर आला. त्याच्या काळ्या तळहातावर दोन रिंगा होत्या. एक नवी, फाटून लोंबणारी. एक जुनी, चपटी, खडखडीत.

“वहिनी, जुनी काढली नव्हती,” तो हळू आवाजात म्हणाला. “ऑईल गेलं, आतलं सगळं जाम झालं. या गाडीला आता इंजिन घालणं म्हणजे...” मग तो म्हणाला, “मीच यायला हवं होतं. तीन रविवार थापा मारल्या तुम्हाला.”

तिने ती जुनी रिंग हातात घेतली आणि रेडिओकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्याने मान वळवून घेतली नाही. तिने हवेत बोटाने एक गोल काढला. त्याने मान हलवली. ती फुटपाथच्या कडेला बसली आणि शर्टाच्या बाह्यांत तोंड लपवून रडली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, अपघात झाला असणार. एकाने पाण्याची बाटली दिली.

मेट्रनबाईंना तिने त्याच संध्याकाळी फोन केला. त्या वाईट वागल्या नाहीत. काम दुसऱ्याला दिलं आणि आठवड्याने स्वतःहून निरोप पाठवला, की त्या दुसऱ्याच्या लॉन्ड्रीत इस्त्रीला एक बाई हवी आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. ती जायला लागली. घरातली दोन्ही मशीनं विकली, व्हॅन भंगारवाल्याने दोन माणसं लावून ढकलत नेली. शेडमध्ये जिथे ती उभी असायची तिथे जमिनीवर काळा डाग तेवढा राहिला. दिवसभर रेडिओ एकटा असतो. दुपारी शेजारच्या काकू डोकावतात, भरवतात, बाहेरून कुलूप लावून जातात. बोलायला शिकवणाऱ्या मुलीचं येणं थांबलं, कारण ती यायची त्या वेळेला दार उघडायला कुणी नसतं.

एका संध्याकाळी ती त्याचा उजवा हात चोळत बसली होती. रोज चोळायचा असं डॉक्टरांनी सांगितलंय. तिच्या बोटांना इस्त्रीचे चटके होते.

“एक विचारू?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “एवढं बोलायचात. सासऱ्यांपासून कुत्र्यांपर्यंत. मग ती रिंग बघायची असते, हे एवढंच कसं नाही कधी बोललात?”

त्याला उत्तर ठाऊक होतं. एकविसाव्या वर्षी तो बसच्या वर्कशॉपमध्ये होता. एका बसचा फिल्टर त्याने बदलला आणि जुनी रिंग तशीच राहिली. पहिल्याच फेरीला इंजिन गेलं. बसखाली उतरायच्या त्याच खड्ड्यात त्याच्याबरोबर आणखी एक जण काम करायचा, अबोल, दोन पोरांचा बाप. साहेबांनी विचारलं, शेवटचा हात कुणाचा? तो अबोल माणूस याच्याकडे बघत राहिला. रेडिओ गप्प बसला. त्या माणसाची नोकरी गेली. नंतर तो कुठे गेला, त्याचं काय झालं, रेडिओने कधी विचारलं नाही. त्यानंतर त्याने हजार फिल्टर लावले असतील आणि हजारदा रिंगवर बोट फिरवलं. तोंड मात्र त्या क्षणी मिटलेलं राहायचं. बोललो तर कुणीतरी विचारेल, हे तू कुठे शिकलास?

हे तिला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. चूक तुझी नाही, सगळ्यांची एकदा होते, माझीही झाली होती आणि मी तुझ्यासारखा रस्त्याच्या कडेला बसून रडलोसुद्धा नव्हतो. अठ्ठावीस वर्षं जीभ शाबूत होती. त्या अठ्ठावीस वर्षांतली कुठलीही संध्याकाळ चालली असती.

त्याने तोंड उघडलं नाही. काय बाहेर येईल ते त्याला माहीत होतं.

मग तिने त्याची बोटं एकेक करून सरळ केली, हात उशीवर ठेवला आणि पदराला तेल पुसलं. गॅसवर दूध ठेवलं होतं. ते बघायला ती उठून गेली.